बोईसरच्या पातेल्यातला कोरियन रस्सा

कोरियन भाषेत 'गाल्बी' म्हणजे फासळ्या. 'जिम' म्हणजे झाकण ठेवून, मंद आचेवर, थोड्या रसात मुरवत शिजवलेला पदार्थ. या दोन शब्दांची जोडी म्हणजे 'गाल्बी-जिम'. कोरियन घरांत हा रोजचा पदार्थ नाही. पुरणपोळी जशी होळीची, किंवा आमच्या घरात खिचडा जसा मोहरमचा, तसा हा रस्सा तिथे 'सॉल्लाल' आणि 'चुसॉक' या दोन सणांचा. सॉल्लाल म्हणजे चांद्र वर्षाचा पहिला दिवस. चुसॉक येतो त्यांच्या आठव्या चांद्रमासातल्या पौर्णिमेला. तेव्हा नवं धान्य घरात आलेलं असतं, शहरात गेलेली मुलं गावी परततात, पूर्वजांच्या नावानं पान मांडलं जातं. २०२५ साली चुसॉक ६ ऑक्टोबरला होता आणि आपली कोजागरीही नेमकी त्याच दिवशी आली. एकाच चंद्राखाली इकडे दूध आटत होतं आणि तिकडे फासळ्या शिजत होत्या.

हा रस्सा आमच्या पालघर-बोईसरच्या स्वयंपाकघरात कसा येऊन पोहोचला, हे सांगायला फार शब्द लागणार नाहीत. २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली आणि आमच्याकडची कॉलेजची पोरं रोज दोन-दोन तास गाडीत बसू लागली. कानात बोंडं, हातात मोबाईल आणि मोबाईलवर कोरियन मालिका. त्या मालिकांत माणसं रडतात कमी आणि जेवतात जास्त. राजवाड्यातल्या एका स्वयंपाकिणीची गोष्ट सांगणारी 'दे जांग गम' ही मालिका तिकडे २००३-०४ मध्ये तुफान चालली. पुढे ती आपल्या दूरदर्शनवरही दाखवली गेली होती. म्हणजे ही ओळख अगदी कालची नाही.

कोरिया आपल्याला वाटतो तितका परकाही नाही. १९५० साली तिथे युद्ध पेटलं तेव्हा भारतानं सैनिक पाठवले नाहीत, पण साठावी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स ही वैद्यकीय तुकडी पाठवली. युद्ध थांबल्यावर, १९५३-५४ मध्ये, युद्धकैद्यांचा सांभाळ करण्यासाठी जी भारतीय फौज गेली तिचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, म्हणजे कोल्हापूरकडचा मराठी माणूस. आज पुण्याजवळ रांजणगाव, तळेगाव इथं कोरियन कंपन्यांचे कारखाने आहेत. आपल्या कोकणात माणगावजवळ विळे-भागाडला कोरियन पोलाद कारखाना आहे. पण पोलाद आलं म्हणून पदार्थ येतो असं नाही. पदार्थ येतो माणसाच्या गरजेनं.

आमच्या घरात ही गरज आली भाचीमुळे. तिला तिकडच्या एका विद्यापीठात दोन वर्षांच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. पासपोर्ट, व्हिसा, फी या सगळ्या गोष्टी मेहुण्यांनी निभावून नेल्या. माझी बहीण मात्र एकाच प्रश्नावर अडली होती, "ती तिथं खाणार काय?" हा प्रश्न वरवर साधा दिसतो. पण ज्या घरात हलाल-हरामचा विचार चुलीपासून सुरू होतो, त्या घरातल्या आईसाठी तो पोटाचा नसून झोपेचा प्रश्न असतो. मुलगी उपाशी राहील ही एक भीती. उपाशी राहू नये म्हणून काहीही खाईल, ही दुसरी. आणि या दोन भीतींपायी मुलीला पाठवूच नये, असं घरातलं कोणीतरी वडीलधारं म्हणून बसेल, ही तिसरी. ती सर्वांत खरी होती. घरात तसं बोलणं निघालंही होतं.

तेव्हा मी म्हटलं, आधी तिकडचा एक पदार्थ आपण इथं शिजवून पाहू. त्यात काय घालतात, काय वगळता येतं, काय विचारून घ्यावं लागतं, ते हातानं कळेल. भाचीनं गाल्बी-जिम निवडला. त्या निमित्तानं या रश्श्याबद्दल जे वाचलं, विचारलं आणि पातेल्यात पाहिलं, ते आज सांगतो.

पहिला प्रश्न मांसाचा. मूळ गाल्बी-जिम गाईबैलाच्या फासळ्यांचा. डुकराच्या फासळ्यांचाही करतात, तो स्वस्त पडतो आणि त्याला 'द्वेजी-गाल्बी-जिम' म्हणतात. हा 'द्वेजी' शब्द आमच्या भाचीनं सर्वांत आधी पाठ केला. द्वेजीगोगी म्हणजे डुकराचं मांस. सोगोगी म्हणजे गाईबैलाचं. 'सुल' म्हणजे दारू. परदेशात कामाचे पहिले शब्द 'नमस्कार' आणि 'धन्यवाद' असतात असं म्हणतात. काही घरांत ते वेगळे असतात.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. ज्या कोरियात आज बैलाच्या फासळ्या सणाला शिजतात, तिथे जोसॉन राजवटीत गुरं कापण्यावर वारंवार बंदीची फर्मानं निघत होती. कारण शेतीचं. नांगराला बैल हवा. फर्मानं निघत राहिली आणि लोक सणासुदीला वाट काढत राहिले. वारंवार फर्मान काढावं लागतं यातच काय ते आलं. आपल्याकडे गाईच्या कत्तलीवर बंदी आधीपासून होती. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानं ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. म्हशीचं मांस त्या कायद्यात येत नाही. आम्ही मात्र सरळ बोकडाचं मटण घेतलं. कारण कायद्याचंही नव्हतं आणि धर्माचंही नव्हतं. शेजारच्या तिन्ही घरांत डबा पाठवायचा होता, आणि त्या तिन्ही घरांत चालेल असं तेच होतं.

बोईसरमध्ये शेजार म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं, त्यानंतर औद्योगिक वसाहत वाढली आणि देशभरची माणसं इथं आली. आमच्या मजल्यावर एक मल्याळी कुटुंब आहे, एक ओडिया, आणि एक सातपाटीकडचं. जिन्यातून वर येताना खोबरेल, मोहरी आणि सुकट हे तिन्ही वास क्रमानं लागतात. चौथा आमचा.

कोरियन लोक बोकडाचं मांस खात नाहीत असं नाही. काळ्या शेळीचा रस्सा तिथे ताकदीचा म्हणून बाळंतिणींना, अशक्त माणसांना देतात. अगदी आपल्या पायाच्या सुपासारखाच. पण सणाच्या पातेल्यात ती जात नाही. म्हणून बोकडाचा गाल्बी-जिम हा आपला घरगुती अवतार आहे, हे कबूल करूनच पुढे जाऊ.

खाटकाकडे काय मागायचं, हे महत्त्वाचं. नुसत्या फासळ्या घेतल्या तर बोकडाच्या फासळ्यांवर मांस थोडं असतं आणि शिजेपर्यंत हाड तेवढं उरतं. म्हणून सीना, दस्त आणि मान असं मिसळून घ्यावं. रानाचं मऊ मांस मुद्दाम टाळावं. ऐकायला उलटं वाटेल, पण अशा रश्श्याला चिवट भागच लागतो. चिवटपणा येतो तो स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या चिकट धाग्यांमुळे. त्या द्रव्याला कोलॅजन म्हणतात. जनावराचं जे अंग जास्त राबतं, म्हणजे मान, खांदा, छाती, तिथे ते जास्त असतं. सत्तर अंश सेल्सिअसच्या पुढे, ओलाव्यात, तासभर तरी धीर धरला तर हे कोलॅजन विरघळून त्याचं जिलेटिन होतं. बोटांना बोटं चिकटतात, ओठांना रस्सा चिकटतो, तो हाच. रानाच्या मांसात हे द्रव्य कमी, त्यामुळे तासभर शिजवलं की ते मऊ व्हायच्या ऐवजी कोरडं, चोथ्यासारखं होतं. मटणाचा आजचा भाव पाहता हा फरक माहीत असलेला बरा.

आता कृती. अर्धा किलो मटणाचे मोठे तुकडे घ्या. ते थंड पाण्यात अर्धा तास भिजत ठेवायचे, मधे एकदा पाणी बदलायचं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पातेलं फ्रिजमध्येच ठेवावं. नंतर भरपूर उकळत्या पाण्यात तुकडे पाच मिनिटं टाकायचे. वर करडा फेस येतो. मग ते सगळं पाणी ओतून द्यायचं, तुकडे धुवायचे, पातेलंही घासून घ्यायचं आणि पुन्हा सुरुवात करायची.

इथे माझ्या खालांनी कपाळाला हात लावला. "सगळं सत्त्व मोरीत गेलं की!" आपल्याकडची कोणतीही जुनी गृहिणी हेच म्हणेल. आपली पद्धत पूर्ण वेगळी आहे. आपण मटण कांद्यावर, आलं-लसणावर परततो, त्याचं सुटलेलं पाणी त्याच्यातच आटवतो आणि वास मसाल्यानं जिंकतो. कोरियन पातेल्यात गरम मसाला नाही, हळद नाही, या रश्श्यात तर मिरचीही सहसा नसते. वास झाकायला काहीच नाही म्हटल्यावर तो आधीच काढून टाकावा लागतो. पहिल्या पाण्याबरोबर जातं ते मांसातलं लाल द्रव्य, हाडांचा चुरा आणि थोडी चरबी. ते पाणी रक्तासारखं दिसलं तरी त्यात बराचसा भाग स्नायूंतल्या मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा असतो. ज्याला खाला सत्त्व म्हणतात ते कोलॅजन पाच मिनिटांत सुटतच नाही. ते हाडाला घट्ट धरून असतं. बोकडाच्या मटणाच्या भिजवण्याला कोरियन घरांसारखे तासन्‌तास लागत नाहीत. अर्धा तास पुरतो.

खालांना हे पटलं की नाही, सांगता येत नाही. पण दुसरं पाणी स्वच्छ राहिलं, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्या बाबतीत हे पुष्कळ झालं.

मांस मऊ करण्यासाठी कोरियन बायका त्यांच्याकडचं गोल, पाणीदार, कुरकुरीत नाशपाती किसून घालतात. त्यानं दोन कामं होतात. एक, गोडवा. दोन, त्या फळातला पाचक रस मांसाचे धागे थोडे सैल करतो. आता मित्रहो, हे वाचल्यावर आपल्याकडच्या कोणत्याही बावर्च्याला हसू येईल, कारण आपण हेच काम कच्च्या पपईकडून पिढ्यान्‌पिढ्या करून घेतो. पपईच्या चिकातलं पपेन हे द्रव्य नाशपातीच्या रसापेक्षा कितीतरी जहाल आहे. मांस तापू लागतं तेव्हा ते सर्वांत जोरात काम करतं आणि उकळी टिकली की हळूहळू निकामी होतं. म्हणून पपई लावून मटण रात्रभर ठेवलं तर सकाळी तुकड्यांचा लगदा मिळतो. या रश्श्यासाठी सालीसकट वाटलेली कच्ची पपई एक लहान चमचा, आणि तीही अर्धाच तास. कोवळं बोकड असेल तर तिची गरजच नाही. गोडव्यासाठी बाजारातली नाशपाती अर्धी किसून घ्यावी. घोलवडचा चिकू घालून पाहायची एकाची सूचना होती. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे, पण रश्श्यात तो घालू नये. चव चिकूचीच लागते.

मग येतो या पदार्थाचा कणा, सोया सॉस. आपण त्याला चायनीजच्या गाडीवरची काळी बाटली म्हणून ओळखतो. कोरियात तो 'गांजांग' आहे आणि त्याची परंपरा आपल्या लोणच्या-पापडांसारखी घराघरातली. सोयाबीन शिजवून, कांडून त्याच्या विटा करायच्या, त्या भाताच्या पेंढ्यानं बांधून टांगायच्या. पेंढ्यातले आणि हवेतले सूक्ष्मजीव त्या विटांत वस्ती करतात. मग मोठ्या मातीच्या रांजणात मिठाच्या पाण्यात त्या बुडवायच्या. चाळीस-साठ दिवसांनी पाणी वेगळं काढलं की तो गांजांग, आणि खाली उरलेला गाळ म्हणजे 'द्वेनजांग', म्हणजे त्यांचं आंबवलेलं सोयाबीन. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोनं या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. सातपाटीच्या शेजारीणबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे आमच्या खारवलेल्या मासळीसारखंच. मीठ आणि दिवस." मी एवढ्या कमी शब्दांत सांगू शकलो नसतो.

बाटली विकत घेताना मागची बारीक अक्षरं वाचावीत. नैसर्गिक आंबवलेल्या सॉसमध्ये सोयाबीन, मीठ, पाणी आणि बहुधा गहू एवढंच असतं. स्वस्त बाटल्यांत रसायनानं झटपट तोडलेली प्रथिनं, साखरेचा काळा रंग आणि पुष्कळ मीठ असतं. त्यांनी रश्श्याला रंग येतो, चव येत नाही. आंबवण्याच्या क्रियेत थोडा अल्कोहोल आपोआप तयार होतो, त्याबद्दल उलेमांमध्ये मतं वेगवेगळी आहेत. मी मौलवी नाही. ज्याला शंका आहे त्यानं आपल्या भरवशाच्या माणसाला विचारावं किंवा हलालचा छाप असलेली बाटली घ्यावी. अशा बाटल्या मिळतात.

पण गाल्बी-जिममध्ये पातेल्यात थेट ओतली जाणारी तांदळाची दारू किंवा 'मिरिम' हे गोड मद्य, त्याबद्दल आमच्या घरात शंका नव्हती. तिचं काम मांसाचा उग्र वास घालवणं. ते काम आल्याच्या चकत्या, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग आणि दहा-बारा मिरे यांनी भागतं. दारू उकळून उडून जाते, असं कोणी सांगितलं तर तेही पूर्ण खरं नाही. शिजवण्याच्या वेळेनुसार तिचा थोडा अंश राहतोच.

अर्ध्या किलोला तीन मोठे चमचे सोया सॉस, किसलेली अर्धी नाशपाती, एक लहान कांदा आणि सहा-सात लसूण पाकळ्या वाटून, एक चमचा गूळ. गूळ आम्ही घातला, तिकडे साखर किंवा धान्याचा पाक घालतात. वरून मीठ अजिबात नाही. याचं कारण नीट समजून घ्यावं. एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्ये सुमारे सव्वादोन ग्रॅम मीठ असतं. तीन चमच्यांचं झालं सात ग्रॅमच्या आसपास. चार माणसांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला पावणेदोन ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा. म्हणजे एका वाटीत दिवसाच्या मिठाचा तिसरा हिस्सा संपला. घरात रक्तदाबाची गोळी घेणारं कोणी असेल तर दोनच चमचे घालावेत आणि त्या दिवशी पापड-लोणचं विसरावं. कोरियन झटपट नूडल्सची पाकिटं पोरं जी फस्त करतात, त्यांतलं मीठ पाहिलं तर हा रस्सा फारच सोज्वळ आहे.

धुतलेले तुकडे, दोन भांडी पाणी, आल्याच्या चकत्या, मिरे, पातीचा कांदा आणि निम्मं वाटण एवढं जाड बुडाच्या पातेल्यात घालून उकळी आणायची आणि लगेच आच बारीक करायची. पाण्यात अधूनमधून एखादाच बुडबुडा यावा. खळाखळा उकळलं तर धागे आक्रसतात, रस बाहेर पडतो आणि मटण रश्श्यात असूनही कोरडं लागतं. बोकडाच्या मटणाला तास-सव्वातास पुरतो. बैलाच्या फासळ्यांना दोन तास लागतात.

कुकर चालेल का? चालेल. पाळीवर जाणाऱ्यांच्या घरात तास-सव्वातास गॅसशी कोण उभं राहणार? कुकरमध्ये तापमान शंभरच्या बरंच वर जातं आणि कोलॅजन लवकर विरघळतं. पण कुकरमध्ये रस्सा आटत नाही, आणि गाल्बी-जिमची खरी चव शेवटच्या आटण्यात आहे. म्हणून मटण नुसत्या पाण्यावर, आलं-मिऱ्यांबरोबर कुकरमध्ये जेमतेम मऊ करून घ्यावं. सोया सॉस आणि गूळ नंतर उघड्या पातेल्यात. गोड पदार्थ कुकरच्या बुडाला लागला की त्याचा वास दोन दिवस घर सोडत नाही.

शेवटच्या पंचवीस मिनिटांत मुळा आणि गाजर. तुकडे मोठे, आणि त्यांच्या कडा सुरीनं गोल करून घ्यायच्या. कोरियन घरांत हे काम म्हातारी माणसं बसून करतात म्हणे. मला आधी तो नखरा वाटला होता. पण टोकदार कडा शिजताना झडतात आणि रस्सा गढूळ होतो, गोल केल्या की तुकडा अखंड राहतो. सोललेल्या कडा टाकून देऊ नयेत, दुसऱ्या दिवशीच्या वरणात जातात.

तिकडे यात चेस्टनट घालतात. आपल्याकडे त्याला उत्तम पर्याय आहे, फणसाच्या आठळ्या. पावसाळ्यापूर्वी सुकवून ठेवलेल्या आठळ्या कोकणात कोणाच्या घरी नसतात? त्या आधी उकडून, साल काढून घ्यायच्या. पिठूळ, किंचित गोड, आणि सोयाचा रस असा शोषतात की चेस्टनटची आठवण यायचं कारण उरत नाही. आणखी एक फळ पडतं, 'देचू'. म्हणजे लाल सुकवलेलं बोर. ते आपल्या बोराचं चुलत भावंड आहे. आपली सुकी बोरं चार घालावीत, नसतील तर एखादा खजूर. कवितेच्या अनुवादात मी आयुष्यभर हेच करत आलो. मूळ शब्द मिळत नाही, तेव्हा त्याच्या जागी बसेल असा आपल्या परसातला शब्द शोधायचा. आठळीनं मात्र माझ्या कोणत्याही अनुवादापेक्षा जास्त चोख काम केलं.

भाज्या शिजत आल्या की उरलेलं वाटण घालायचं, झाकण काढायचं आणि आच वाढवायची. रस्सा आटत तुकड्यांना लपेटू लागतो, चकाकी येते. चमच्याच्या पाठीवर बोट फिरवल्यावर रेघ टिकली की थांबा. आता एक चमचा तिळाचं तेल. इथे एक सावधगिरी. कोरियन तेल भाजलेल्या तिळाचं, गडद आणि दरवळणारं असतं. आपलं साधं तिळाचं तेल कच्च्या तिळाचं, त्याला तो वास नाही. त्यामुळे आपलं तेल घालायचं असेल तर मूठभर तीळ भाजून, जाडसर कुटून वर पेरावेत. सजावटीला तिकडे अंड्याचा पिवळा आणि पांढरा भाग वेगवेगळा पातळ भाजून त्याच्या बारीक पट्ट्या घालतात. दिसायला सुंदर, पण घरात खाणारे वाट पाहत असतील तर ते सोडून द्यावं.

सोबत भात. कोरियन भात आखूड दाण्याचा आणि चिकट, काड्यांनी उचलता येईल असा, जरी कोरियन लोक भात बहुधा चमच्यानंच खातात. आपल्या जिल्ह्याचा वाडा कोलम तसा चिकट नाही, पण बारीक, मऊ आणि रस्सा पिणारा. त्यालाही २०२१ मध्ये मानांकन मिळालं. माझं मत विचाराल तर तांदळाची भाकरी. हा आटलेला, ओठांना चिकटणारा रस्सा भाकरीनं जसा निपटून घेता येतो तसा चमच्यानं येत नाही. भाचीनं यावर नाक मुरडलं. तिला काड्या हव्या होत्या. हाड मात्र सगळ्यांनी हातानंच चोखलं, आणि कोरियातही घरात तसंच करतात असं तिनंच मालिकेचा दाखला देऊन सांगितलं.

त्या दिवशी मेजाभोवती खरी चर्चा झाली ती पदार्थाची नव्हतीच. बहिणीनं प्रत्येक जिन्नस स्वतः हाताळला होता. काय मूळचं, काय बदललं आणि काय काढलं, हे तिला पाठ झालं होतं. "म्हणजे दारू आणि मांस एवढंच विचारायचं," ती म्हणाली, "बाकी सगळं आपल्याच घरातलं आहे." सोलमध्ये इटेवॉन भागात १९७६ मध्ये उघडलेली मोठी मशीद आहे. कोरियन युद्धात आलेल्या तुर्की सैनिकांमुळे तिथल्या लोकांची इस्लामशी जवळून ओळख झाली, त्यानंतरची ही गोष्ट. मशिदीच्या आसपासच्या गल्ल्यांत हलाल खाटीक आहेत, खाणावळी आहेत. हे भाचीनं आधीही दोनदा सांगितलं होतं. पण हाताला सोयाचा वास असताना ऐकलेली गोष्ट वेगळी ऐकू येते. वडीलधाऱ्यांच्या बाजूनं जे बोलणं निघालं होतं ते पुन्हा निघालं नाही. खालांनी फक्त विचारलं, "तिकडे आठळ्या मिळत नसतील ना?" आणि तिच्या सामानात पाव किलो बांधायचं ठरवलं. विमानात बिया नेता येतात का, याची चौकशी करावी लागली. बिया तिकडे विमानतळावर अडवतात असं कळल्यावर त्या बेत सोडून बऱ्याच वेळ गप्प बसल्या.

रस्सा उरला तर फार चांगलं. रात्री फ्रिजमध्ये ठेवला की सकाळी वर चरबीचा पांढरा थर गोठतो, तो चमच्यानं अलगद उचलून टाकता येतो. हृदयाचा त्रास असलेल्यांनी तो उचलल्याशिवाय खाऊ नये. खाली रस्सा खरवसासारखा थरथरत असेल तर कोलॅजन नीट सुटलं असं समजावं. पातळच राहिला असेल तर पुढच्या वेळी मान आणि सीना वाढवा आणि आच आणखी बारीक ठेवा. गरम करताना पाण्याचा हबका मारावा, नाहीतर गूळ लागतो.

मल्याळी शेजाऱ्यांकडे श्रावणात मांस नसतं असं काही नाही, पण ओडिया घरात कार्तिकात नसतं. त्यांच्यासाठी हेच वाटण सुरण, आठळ्या आणि अळंबीवर करता येतं. सुरण आधी चिंचेच्या पाण्यात उकडून घ्यायचं, म्हणजे घसा खवखवत नाही. वेळ तासाऐवजी वीस मिनिटं, आणि सोया सॉस दोनच चमचे, कारण सुरण मीठ लवकर ओढतं.